नवसाच्या बकरीचं दूध

पावणे गावठाणात कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली चार मजल्यांची 'मढवी निवास'. तळमजल्यावर तीन गाळे. एकात वेल्डिंगवाला, एकात चहावाला, आणि तिसऱ्याचं शटर कायम अर्धं खाली. त्यात सिमेंटचा माल ठेवलाय, असं घरमालकीण बायजाबाई सगळ्या भाडेकरूंना सांगायची. हे सिमेंट पहाटे बें बें करतं आणि शटरखालून त्याच्या लेंड्या बाहेर येतात, हे कुणी बोलून दाखवलं नाही. घरमालकिणीशी सिमेंटवरून कोण वाद घालणार?

आत एक पांढरी बकरी होती आणि तिचं करडू. त्यांचं तिथं असणं हा बायजाबाई आणि गावदेवी यांच्यातला व्यवहार होता.

सून निशिगंधा हिला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी कारणं सांगितली, ती निशिगंधाने ऐकून घेतली. बायजाबाईचं कारण वेगळं होतं. दोन्ही वेळा तिने देवीला नवस बोलला होता आणि दोन्ही वेळा तो देवीच्या आधी हळदीच्या मांडवात जाहीर करून टाकला होता. म्हणजे दोष देवीचा नव्हे, सुनेचाही नव्हे. दोष तिच्या तोंडाचा. असा निकाल देऊन तिने तिसऱ्या खेपेला करार कडक केला. घरच्या बकरीच्या पोटी जन्मलेला बोकड देवीला द्यायचा, बाजारातला नाही. आणि बाळ जन्मून रडेपर्यंत नवसाचं आणि बकरीचं नाव घराबाहेरच्या माणसासमोर तोंडातून काढायचं नाही. लोकांना वासाने कळलं तर चालेल, आवाजाने कळलं तरी चालेल, तोंडाने सांगितलेलं चालणार नाही. हे पोटकलम बायजाबाईने स्वतःच घातलं आणि देवीने हरकत घेतली नाही.

नवऱ्याला, सितारामला, सांगणं भागच होतं. बकरी त्यालाच आणायची होती. मुलाला, मितेशला, तिने बायकोच्या पोटातल्या बाळाची शपथ घ्यायला लावली. सुनेला मात्र नवसाचा पत्ता लागू दिला नाही. शिकलेली सून, ऑफिसात अकाउंट्स बघणारी. ती हसली असती, आणि नवसाला हसलेलंही चालत नाही. खाली बकरी पाळलीय ती ताज्या दुधासाठी, एवढंच निशिगंधाला माहीत.

सितारामने तळोज्याकडून गाभण बकरी आणली. ती दिवस भरायच्या आधीच व्यायली. एक करडू मेलेलं, दुसरं अडकलेलं. सितारामचा बाप मिठागरावर राबलेला, घरात गुरं-बकऱ्या असलेला. सितारामने बाह्या वर केल्या, उघड्या हातांनी दुसरं करडू ओढून काढलं, वार काढली, सगळं पुसलं, आणि मेलेलं पिल्लू खाडीकडे नेऊन पुरलं. जिवंत राहिलं ते बोकड निघालं.

"देवीनं निवडून दिला," बायजाबाई म्हणाली.

"देवीनं नाय, मी ओढून काढला," सिताराम हात धुत म्हणाला. "माझं पन नाव घाल त्यात."

तेव्हापासून रोज सकाळी तो बकरीची धार काढायचा आणि फेसासकट पेलाभर दूध उभ्या उभ्या प्यायचा. दुसरा पेला वर तिसऱ्या मजल्यावर, सुनेला. दूध तापवलं की त्याचा जीव जातो, यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. त्या घरात एकमताची बाब एवढीच एक असावी.

ताप आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. सिताराम दिवसभर खालच्या चहावाल्याकडे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले द्यायचा. दिवस मावळला की घरी येऊन गोधडी मागायचा. मध्यरात्रीनंतर असा घाम सुटायचा की बनियन पिळून काढावं. त्या घामाला भिजलेल्या पेंढ्याचा वास यायचा. सकाळी माणूस ठणठणीत, फक्त कंबर धरून चालायचा.

गावातल्या डॉक्टरने आधी मलेरिया बघितला, मग टायफॉइड. टायफॉइडचा रिपोर्ट नाही म्हणत नव्हता आणि हो म्हणत नव्हता, पण डॉक्टरने त्याला हो म्हणायला लावलं. औषधाने ताप उतरला. सितारामने दोन दिवस डॉक्टरची तारीफ केली, आणि ती तारीफ संपते न संपते तोच ताप परत आला. असं पुन्हा झालं. भरती-ओहोटीसारखा ताप. दरवेळी उतरताना अंगावरचं थोडं मांस घेऊन जायचा. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली.

बायजाबाईने आपल्या परीने जबाबदारी वाटून टाकली. एक वाटा कारखान्यांच्या धुराला, एक चहावाल्याच्या पाण्याला, एक भाडेकरूंच्या नजरेला. मनातल्या मनात तिने आणखी एक वाटा बाजूला ठेवला होता, आणि त्याच्याकडे ती बघत नव्हती: देवी एक जीव द्यायला आणखी एक मागत तर नाही?

शेवटी एका संध्याकाळी सिताराम मोरीतून येताना खाली बसला आणि त्याला उठता येईना. कंबर जणू कुणी खिळ्याने ठोकून ठेवली होती. मितेशने गाडी काढली आणि त्याला वाशीच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. निशिगंधा निघायला लागली तशी बायजाबाईने तिला दारातच अडवलं.

"तू नको येव. पोटुशी बाई हास्पिटलात कया जाते? तिथं काय काय असतं."

"आई, मी बाबांच्या फाइली घेऊन येते फक्त. तुम्हाला सगळे रिपोर्ट सांगता येतील का?"

"मितेश हाय ना. तू दूध पी नि झोप."

निशिगंधा घरी राहिली. आणि घरात सरळ उत्तर देणारं जे एक तोंड होतं, तेही घरीच राहिलं.

हॉस्पिटलात डॉ. शर्मिला मॅडम होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी खरंच थांबणाऱ्या. ही सवय बायजाबाईला पहिल्या भेटीतच आवडली नाही.

"काम काय करता, काका?"

"भाडी," सिताराम म्हणाला.

"म्हणजे?"

"घरं भाड्यानं दिलीत," मितेश मध्ये पडला. "आणि माझे पाण्याचे टँकर आहेत."

"घरी जनावरं आहेत का? गाय, म्हैस, शेळी, काहीही? किंवा कच्चं दूध पिण्यात आलंय?"

सितारामने बायकोकडे बघितलं. मितेशने मोबाइलकडे बघितलं. बायजाबाईने मॅडमकडे बघितलं आणि मान एकदाच, पण पक्की हलवली.

"नाय वो. आता कुठं जनावरं? शेतीच जेली सगली, कारखान्यात. दूध आमी पिशवीचं घेतो."

"नक्की?"

"मी खोटं कशाला बोलंन?"

ती खोटं का बोलत होती याचं कारण घरी, तिसऱ्या मजल्यावर, कुशीवर वळून झोपलं होतं.

मॅडमनी पोट दाबून बघितलं. प्लीहा हाताला लागत होती, यकृतही थोडं वाढलेलं. छातीचा फोटो साफ. कमरेच्या फोटोत एका मणक्याला सूज. रक्तात पांढऱ्या पेशी कमी. मॅडम मितेशला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मणक्याचा टीबी असू शकतो. पण माझं मन मानत नाही. रक्त कल्चरला पाठवलंय. बाटल्या जास्त दिवस ठेवायला सांगितल्यात. त्यात काही उगवतंय का बघू, मग ठरवू."

'उगवतंय का बघू' हे बायजाबाईने दारामागून ऐकलं. माणसाच्या रक्तात काय उगवणार? तिने तुळशीची माळ बोटांत घट्ट धरली.

मग वाट बघणं. वॉर्डात चार खाटा, पडदे हिरवे. सितारामला संध्याकाळी थंडी वाजायला लागली की बायजाबाई त्याच्या पायांवर बसायची, म्हणजे खाट हलणार नाही आणि शेजारच्याला कळणार नाही. एकदा तापात तो मोठ्याने बोलला, "गो, बकरीला पाला घातला का? बोकडाला पाज."

नर्सने वळून बघितलं.

"जुने दिवस," बायजाबाई घाईने म्हणाली. "तापात जुने दिवस आठवतात त्यांना." आणि वाकून नवऱ्याच्या कानात म्हणाली, "तोंड मिटा. पोराचं काय करायचंय तुमाला?"

सितारामने डोळे उघडले. त्या वेळी तो शुद्धीत होता.

"माझं काय करायचंय, ते पन बोल ना कवातरी," तो म्हणाला.

तिने त्याची चादर वर ओढली. उत्तर होतं, पण ते नवऱ्याला सांगण्याजोगं नव्हतं. गेले कित्येक दिवस ती दोन जीव दोन हातांत धरून उभी होती आणि डावा कुठला, उजवा कुठला हे स्वतःलाही विचारत नव्हती. म्हाताऱ्याने पासष्ट वर्षं बघितली, असा एक विचार एकदा तिच्या मनात आला. त्या रात्री तिने सितारामची कंबर पहाटेपर्यंत चोळली.

मितेशला वेगळीच भीती, लपवल्यामुळे बापाचा आजार सापडणारच नाही याची. तो जिन्यात उभा राहून आईला म्हणाला, "आई, सांगून टाकू का मॅडमना? आपल्याकडं बकरी आहे एवढंच. नवस-बिवस नाही सांगत."

"बकरी कया आनली विचारलं तर?"

"दुधासाठी, म्हणू."

"एक बोललास की दुसरं बोलशील. तुजं तोंड मना म्हायती हाय, माज्याच पोटचं हाय ते. आनि शपथ कोनाची घेतलीस, आठव."

टँकरच्या धंद्यात कुणालाही चार शब्दांत गप्प करणारा गडी, आईसमोर एका शब्दाने पंक्चर.

कल्चरचा निकाल आला त्या दुपारी बायजाबाई खाटेजवळ संत्रं सोलत होती. शर्मिला मॅडम आत आल्या त्या नेहमीसारख्या हळू नाही, भरभर. पडदा ओढून घेतला.

"काका, तुमच्या रक्तात जंतू सापडलाय. ब्रुसेला. ब्रुसेलोसिस म्हणतात त्याला."

"टीबी नाय?" मितेश.

"टीबी नाही. औषध आहे, बरे होतील. पण दीड-दोन महिने न चुकता घ्यावं लागेल, मणक्यात शिरलंय म्हणून जास्तच. ताप गेला म्हणून मध्येच सोडलं, तर परत येतो." त्यांनी श्वास घेतला. "आता माझा प्रश्न परत ऐका. हा जंतू हवेतून येत नाही, डासातून येत नाही. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्यापासून येतो. कच्च्या दुधातून, नाहीतर जनावर व्यायलं की त्या सगळ्याला हात लागल्यावर. तुम्ही मला नाही म्हणालात. तेच मी लॅबला लिहून दिलं. त्यांनी साधा जंतू समजून उघड्या टेबलावर काम केलं, आणि लॅबच्या बाटलीत वाढलेला हा जंतू श्वासातूनही शिरतो. आता तिथल्या दोन मुलींना उगाच गोळ्या घ्याव्या लागणार, आणि लागण झाली की नाही हे कळेपर्यंत जीव मुठीत धरून बसावं लागणार."

सिताराम भिंतीकडे वळला.

"नाय म्हंजे..." मितेशने सुरुवात केली आणि आईकडे बघितलं.

बायजाबाईच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं राहिलं. लॅबमधल्या दोन मुली. कुणाच्या लेकी, कुणाच्या सुना असतील. पण तोंड उघडेना. बरं होणार म्हणाल्या ना? मग झालं. सिताराम वाचला, बाळ वाचलं, दोन्ही बाजू राहिल्या. आता फक्त गप्प बसायचं, आणखी थोडे महिने.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. चिडून नाही, थकून.

"बरं, ते नंतर. घरात अजून कोण कोण आहे? कुणाला ताप, सांधेदुखी? आणि कुणी गरोदर आहे का? असेल तर मला आत्ता सांगा. जनावरात हा रोग आला की ती मुदतीआधी वितात, पिल्लं मरतात. बाईच्या पोटात गेला तर तिचाही गर्भ पडू शकतो."

संत्रं खाली पडलं आणि खाटेखाली घरंगळत गेलं.

बायजाबाई उठली. पायात चप्पल एक तिची, एक शेजारच्या पेशंटच्या बायकोची. ती जिना उतरली, रस्त्यावर आली आणि पहिल्या रिक्षात बसली. "पावना," एवढंच म्हणाली.

"मावशी, गाव की एमआयडीसी?"

"गाव! आनि जोरात!"

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रेलर आडवा उभा होता, त्यापुढे सगळं ठप्प. रिक्षावाल्याने विचारलं, कुणी सिरियस आहे का. बायजाबाईने मान हलवली. हो की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. मुदतीआधी वितात. पिल्लं मरतात. एक करडू मेलेलं आलं होतं, आणि तिने ती देवीची निवड मानली होती. त्याच बकरीचा रोजचा पेला. तिने स्वतःच्या हाताने वर नेलेला. आणि पेला रिकामा परत आला की नाही हे ती रोज जातीने बघायची.

निशिगंधा घरूनच काम करत होती, पाठीला उशी, मांडीवर लॅपटॉप. सासू दारात उभी, पदर खांद्यावरून घसरलेला, हे बघून तिचा चेहरा उतरला.

"आई? बाबा ठीक आहेत ना?"

"ते हायत. तू मना एक सांग. दूध पीतेस ना रोज?"

निशिगंधाने लॅपटॉप बाजूला ठेवला. हा प्रश्न तिला अपेक्षित होता. फक्त आज नाही.

"पिते की."

"रोजचं?"

"रोजचं. पेला बघता ना तुम्ही?"

"सगलं? तळाशी पन नाय ठेवत?"

"आई, एक थेंब नाही सांडला. तुम्ही एवढं प्रेमाने आणता..."

आज्ञाधारक सून मिळावी म्हणून बायजाबाईने लग्नाआधी काय काय चौकशा केल्या होत्या! ती आज समोर बसून गोड हसत होती, आणि बायजाबाईला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

"कवातरी ओतलं असशील गो! सांग ना! वास येतो त्याला, मना म्हायती हाय. कुंडीत, मोरीत, कुठंतरी ओतलं असशील!"

निशिगंधा सावध झाली. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासू कबुलीसाठी इतकी आर्जवं करते तेव्हा पुढे काय येतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"नाही हो आई. देवाशपथ. कुणी सांगितलं तुम्हाला? वरच्या वेणूबाईंनी?"

"वेणूबाईचं नाव नको घेव! तू ओतलंस का नाय?"

"नाही म्हटलं ना!"

बायजाबाई जमिनीवरच बसली. समोर सून सोफ्यावर, पोटावर हात धरून, आणि ती खोटं बोलत असावी अशी बायजाबाईची मनातल्या मनात प्रार्थना. पण तिच्याकडून खरं काढायचं तर आधी स्वतः खरं बोलायला हवं, एवढी साधी देवघेव तिला कळत होती. निशिगंधा घरातली होती, पण जिच्या पोटासाठी नवस, तिच्याच कानावर तो घालणं म्हणजे बायजाबाईच्या लेखी नवस मोडणं. मोडला की देवी हात काढून घेणार. नाही मोडला तर बाळाच्या रक्तात काय उगवतंय ते कळणारच नाही.

शेजारच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा वाजला आणि थांबला.

"निशी, ऐक," ती म्हणाली. आवाज आळीत भांडणाऱ्या बायजाबाईचा नव्हता. "खालची बकरी दुधासाठी नाय आनली. नवस हाय. तुज्या बाळासाठी. घरच्या बकरीचा बोकड देवीला देयाचा, आनि तोंडातून काढायचं नाय. म्हनून मी डाक्टरीनबायला खोटं बोल्ली. तुज्या सासऱ्याचं दुखनं त्या बकरीचं हाय. तिचं पिल्लू मेलं ते पन त्यानंच. ते दूध पोटात जेलं तर तुजं..." तिला पुढचा शब्द तोंडाने उच्चारता येईना. "आता बोल. मी कायपन बोलनार नाय. ओतलंस?"

निशिगंधाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग काहीतरी पांढरं.

"सुरुवातीला प्यायले," ती हळू म्हणाली. "आठवडाभर असेल. मग वासानेच उलट्या व्हायला लागल्या. तेव्हापासून रोज मोरीत ओतते, वर पाणी सोडते. पेला धुऊन परत थोडं पिशवीचं दूध फिरवून ठेवते, म्हणजे तुम्हाला प्यायल्यासारखा दिसावा."

"रोज?"

"रोज."

बायजाबाईने डोळे मिटले. चार वर्षं या मुलीला साधी, भोळी समजून तिने गावभर तिची कीव केली होती.

"पन आठवडा प्यायलीस."

"हो."

"ऊठ. चप्पल घाल."

"पोटुशी बाईने हॉस्पिटलात..."

"ऊठ म्हनते ना!"

संध्याकाळी शर्मिला मॅडमच्या खोलीत बायजाबाई बोलत होती. कुणी विचारलं नसतानाही बोलत होती. बकरी कुठून आणली, कधी व्यायली, हात कुणी घातला, पिल्लू कुठे पुरलं, दूध कोण प्यायलं, कोण प्यायलं नाही, कोणी प्यायल्याचं सोंग केलं. मितेश भिंतीला टेकून ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "आई, हळू. मॅडमना लिहू दे."

"तू गप. तू पन प्यायलास ना एकदा, बिर्याणीच्या दुसऱ्या दिवशी? सांग त्यांना."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मितेशचं आणि बायजाबाईचंही रक्त घेतलं. निशिगंधाचं घेताना मात्र त्यांनी स्वतः सुई धरली. "ताप नाही, घाम नाही, हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढ्यावर मी निश्चिंत होणार नाही. हा आजार कधीकधी उशिरा दिसतो. आज बघू, काही आठवड्यांनी परत बघू. निघालाच तर गरोदरपणात चालणारी वेगळी औषधं आहेत. रोज ताप मोजायचा. आणि त्या गाळ्यात कुणी उघड्या हाताने जायचं नाही. जनावरांच्या डॉक्टरला मी फोन करते."

जनावरांचे डॉक्टर हातमोजे, मास्क घालून आले. बकरीच्या रक्तात तोच रोग निघाला. करडाचीही खात्री देता येत नव्हती. दोघांना घेऊन गेले तेव्हा भाडेकरू गॅलरीत उभे होते. वेणूबाईंनी वरून विचारलं, "बायजाबाई, सिमेंट नेलं वाटतं?"

"बकरी होती," बायजाबाई तोंड वर करून म्हणाली. "आजारी होती. तुज्या नातवाला दूध तापवून दे, खलखल उकलून. कललं?"

निशिगंधाचा पहिला रिपोर्ट चांगला आला. त्यावर घरात कुणी पेढा आणला नाही, कारण दुसरा बाकी होता. सितारामचा ताप औषध सुरू झाल्यावर हळूहळू ओसरला; लघवी केशरी झाली तेव्हा तो घाबरला आणि मॅडमनी सांगितलं, गोळीचा रंग आहे. घरी आल्यावर तो गोळ्या घ्यायला टाळाटाळ करायला लागला. "बरा झालो, आता कशाला?" बायजाबाई पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची आणि गोळी गिळून तो जीभ दाखवेपर्यंत हलायची नाही.

"एवढी पाळत लग्नात ठेवली नाय माझ्यावर," तो म्हणायचा.

"तवा तुमी पलत होता. आता कंबर धरून बसलाव, गावता."

एका सकाळी ती सुनेला सोबत घेऊन गावदेवीला गेली, रिकाम्या हातांनी. देवळात कुणी नव्हतं. तिने ओटी नाही भरली, नारळ नाही फोडला. मोठ्याने, शेजारी सून ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "मी सांगितलं. सगल्यांना सांगितलं. रोगट बोकड तुला देयाचा नाय म्हनून नेयाला लावला. राग धरायचा तर माज्यावर धर, हिच्यावर नको." मग थोडं थांबून, "नवीन काय मागत नाय आता. देयाला पन काय नाय."

परत येताना कोपऱ्यावर ट्रक वळत होता म्हणून थांबावं लागलं तेव्हा निशिगंधा म्हणाली, "आई, मला आधी सांगितलं असतं तर मी हसले नसते."

"हसली असतीस."

"थोडंसं."

दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी मे महिन्याची दुपार, वीज गेलेली. जनरेटर फक्त लिफ्टपुरता. फोन वाजला तेव्हा निशिगंधा आंघोळीला गेलेली, मितेश टँकरवर, सिताराम झोपलेला. बायजाबाईने तो उचलला आणि कानाला दाबून धरला.

"हो, सासूच बोलते. बोला, मॅडम."

मॅडम बोलल्या. बायजाबाई ऐकत राहिली. "म्हंजे नाय ना? रक्तात कायबी नाय? परत सांगा." मॅडमनी परत सांगितलं, तरी बाळंत होईपर्यंत लक्ष ठेवू, जन्मल्यावर बाळाचंही एकदा तपासू, असंही म्हणाल्या. बायजाबाईने फोन ठेवला. सिताराम जागा झाला होता.

"काय बोल्ल्या?"

"नाय हाय म्हनतात."

"मग रडतेस कया?"

"घाम हाय तो."

निशिगंधा मोरीतून बाहेर आली. केस ओले, मानेवर थेंब, चेहरा उकाड्याने लाल. बायजाबाईने तिला रिपोर्ट सांगितला. निशिगंधा भिंतीला टेकली, दोन्ही हात पोटावर. मग ओल्या केसांतून हसली.

बायजाबाई हसली नाही. ती जवळ गेली आणि सुनेच्या कपाळाला हाताचा मागचा भाग लावला. गरम होतं का? गरम वाटतंय. की हातच गरम आहे? तिने मानेला हात लावला, मग स्वतःच्या मानेला, मग परत सुनेच्या.

"आई, आत्ता आंघोळ करून आले. लाइट नाहीये."

"मंग अंग थंड पायजे."

"थंडच आहे."

"थर्मामीटर कुठं हाय?"

निशिगंधाने फळीवरून थर्मामीटर काढलं, काखेत धरलं आणि सोफ्यावर बसली. समोर बायजाबाई, गुडघ्यावर हात ठेवून, डोळे त्या बारीक काचेवर. वीज येईना. सितारामने पुठ्ठ्याने दोघींना वारा घालायला सुरुवात केली.

"बोल गो, किती?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"थांबा जरा," बायजाबाई म्हणाली. "नीट बघू द्या."